तायडेकाकांच्या किल्ल्या

विश्रांतवाडीच्या आमच्या घरात वाक्य अर्ध्यावर सोडायची सवय सगळ्यांनाच होती. विमानतळ जवळ, त्यामुळे दिवसातून कितीतरी वेळा डोक्यावरून विमान जायचं, आणि लढाऊ विमानं सरावाला निघाली की खिडकीच्या काचा थरथरायच्या. आई भाकरी थापताना काही सांगत असली तर तेवढ्यापुरती गप्प व्हायची आणि आवाज लोहगावच्या बाजूला विरला की शब्द जिथे सोडला होता तिथूनच उचलायची. बाबा सकाळी पेपर मोठ्याने वाचायचे, तेही असेच थांबायचे, ओळीवर बोट ठेवून. घर दोन खोल्यांचं, तिसऱ्या मजल्यावर. पुढच्या खोलीत आईचं शिलाई मशीन आणि त्याच्याभोवती बायकांच्या ब्लाउजांचे गठ्ठे, त्या गठ्ठ्यांच्या पलीकडे माझं टेबल. मशीनची खडखड, कुकरची शिट्टी आणि विमान हे तिन्ही एकदम सुरू झालं की मी अभ्यास करत नाहीये हे कुणाच्या लक्षात यायचं नाही. ते दुसरं वर्ष होतं, इंजिनिअरिंगचं. दोन विषय राहिले होते आणि ते घरात फक्त मला माहीत होतं.

रविवारी दुपारी तायडेकाका जेवायला यायचे. विमान गेलं तरी बोलणं न थांबवणारा तो एकच माणूस आमच्या घरात येत असे. पत्रे दाबायच्या कारखान्यात आयुष्य गेल्यामुळे त्यांना कमी ऐकू यायचं, आणि आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे जगालाही येत नसणार अशा हिशेबाने ते मोठ्याने बोलायचे. आईबाबा आणि काका तिघेही अकोल्याकडचे. बाबा नोकरी शोधत पुण्यात आले तेव्हा उतरले ते काकांच्या खोलीवर, आणि वर्षभर तिथेच राहिले. काका कामावर जाताना स्टोव्हवर भात करून ठेवत आणि बाबा तो खाऊन स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करत. पुढे बाबा सरकारी कचेरीत कारकून झाले. ही गोष्ट आम्ही दर रविवारी ऐकायचो, कधी बाबांकडून, कधी काकांकडून. बाबा सांगायचे तेव्हा तिच्यात भाताचं वर्णन जास्त असायचं, आणि काका सांगायचे तेव्हा बाबा किती वेळ पुस्तकात डोकं घालून बसत त्याचं. आई त्या दिवशी बेसनाच्या पातोडीचा रस्सा करायची, गावाकडच्यासारखा तिखट. काका नाक पुसत पुसत जेवायचे आणि मला म्हणायचे, "मितू, तू शिकून ठेव हे. कॉलेजात नाही शिकवत." माझं नाव संघमित्रा, पण घरात आणि काकांच्या तोंडी मी मितूच होते.

निवृत्तीनंतर आणि काकू गेल्यानंतर काका विहारात राहत होते. आमच्या वस्तीच्या विहाराला मागे एक खोली होती, ती देखभाल करणाऱ्याची. खाली बुद्धवंदनेचा हॉल, वर अभ्यासिका. अभ्यासिकेत तीस टेबलं, आणि त्या तीस टेबलांसाठी पहाटेपासून जिन्यावर रांग. धानोरीहून, कळसहून मुलंमुली यायची. ज्यांच्या घरी एकाच खोलीत सहा माणसं, त्यांच्यासाठी ते टेबल म्हणजे काय होतं हे मला माहीत होतं, कारण माझं टेबल ब्लाउजांच्या पलीकडे होतं. काका कुलूप उघडायचे, झाडायचे, पाण्याची टाकी भरायचे आणि भांडणं सोडवायचे. ऐकू कमी येत असल्यामुळे भांडणं ते फार चांगली सोडवत. दोन्ही बाजू ओरडून ओरडून दमेपर्यंत वाट बघायचे, एवढंच.

त्या रांगेवर मी उपाय काढला. तळहातावर मावेल एवढा एक संगणक तेव्हा मिळू लागला होता. एकच हिरवी पट्टी, तिच्यावरच सगळं काही; त्याला डबा नाही, पंखा नाही. मोबाईलच्या चार्जरवर तो चालायचा. त्याला वायरलेसची एक कांडी खोचली, विहाराच्या ऑफिसातल्या इंटरनेटशी जोडला, आणि कॉलेजात कधी केली नव्हती तेवढी रात्रंदिवस खटपट करून मी अशी सोय केली की मुलांनी घरूनच मोबाईलवर आपली जागा धरावी. जुन्या प्रश्नपत्रिकाही त्याच्यातच ठेवल्या. समितीने वर्गणीतून सामान आणून दिलं. जयंतीच्या कार्यक्रमात माझा सत्कार झाला, चौकात फ्लेक्स लागला, त्यावर माझा कॉलेजच्या ओळखपत्रावरचा फोटो. बाबा आयुष्यात पहिल्यांदा स्टेजवर जाऊन दोन वाक्यं बोलले. खाली उतरताना त्यांचा पाय अडखळला आणि तायडेकाकांनी त्यांना दंडाला धरून सावरलं. मी टाळ्या वाजवत होते आणि राहिलेल्या दोन विषयांचा विचार करत होते. हे यंत्र चालतंय तोवर मी कोणीतरी आहे, असं काहीतरी माझ्या मनात पक्कं झालं होतं. आज माझ्या हाताखाली मुलं काम करतात आणि त्यांच्यातल्या एखाद्याच्या चेहऱ्यावर मला तो विचार ओळखू येतो. मी काही बोलत नाही, फक्त त्याच्याशी जरा हळुवारपणे वागते.

महिनाभर सगळं ठीक चाललं. मग यंत्राची जोडणी तुटायला लागली. सकाळी चालायचं, संध्याकाळी चालायचं, पण दुपारी कधीतरी, जेवणाच्या सुमाराला अभ्यासिका रिकामी झाली की ते इंटरनेटवरून नाहीसं व्हायचं. यंत्र चालू, दिवा हिरवा, पण बाहेरून हाक मारली तर उत्तर नाही. मी कॉलेजात असायचे, वाघोलीच्या पलीकडे, तिथून येऊन बघणं शक्य नव्हतं. म्हणून मी काकांना भिंतीवरचं बटण दाखवलं. सांगितलं, मुलांनी तक्रार केली की हे बंद करायचं, दहापर्यंत मोजायचं आणि पुन्हा चालू करायचं. काकांनी ते मोठ्या गांभीर्याने घेतलं. दहा मोजताना ते ओठ हलवायचे. तक्रार ऐकू येईलच याची खात्री नसल्यामुळे ते स्वतःहून वर जाऊन कोणाच्या तरी मोबाईलवर चालतंय का बघायचे, आणि नसलं चालत तर बटणाकडे जायचे. मी त्यांना एकदा विचारलं, त्रास होतो का. ते म्हणाले, "तुह्यं काम आहे ना. मग त्रास काहून?"

त्रास मुलांना होत होता. जोडणी तुटलेली असताना धरलेल्या जागा दिसायच्या नाहीत, मग दुसरं कोणीतरी तिथे बसायचं. धानोरीची एक मुलगी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात दोन बस बदलून आली आणि तिच्या टेबलावर दुसराच बसलेला. ती जिन्यात बसून रडली. तक्रार समितीच्या सचिवांकडे गेली. सचिव म्हणजे वाघमारे सर, निवृत्त शिक्षक, शब्द मोजून वापरणारे, सगळ्यांना 'आपण' म्हणणारे, आणि त्या 'आपण'मधूनच चिमटा काढणारे. त्यांनी मला फोन करून विचारलं, यंत्र दुपारचंच का बंद पडतं. मी म्हटलं, बघते सर. ते म्हणाले, "बघा. पुण्यात माणसांनी दुपारी झोपायची पद्धत आहे हे मला माहीत आहे. यंत्रांनीही सुरू केली असेल तर तसा फलक लावू." मी हसले. दरम्यान दोन-तीन मुलांनी काकांना बटण बंद करताना पाहिलं होतं. दुपारी अर्ध्या अभ्यासिकेचे पंखे-दिवे काका बंद करतात, हे तर सगळ्यांनाच ठाऊक होतं. वीज वाया जाऊ नये म्हणून तसं त्यांना समितीनेच सांगितलेलं. म्हातारा दिव्यांबरोबर यंत्रही बंद करतो, हे कोणी पहिल्यांदा म्हटलं ते मला माहीत नाही. पण ते कोणीतरी मला म्हणून दाखवलं तेव्हा मी 'नाही' म्हटलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. ते वाटणं मला अजून आठवतं, शरीरात कुठे वाटलं तेही आठवतं, खांद्यांमध्ये.

शनिवारी दुपारी मी वर जाऊन बसले आणि यंत्राची नोंद उघडली. असं यंत्र आपली रोजनिशी आपणच लिहीत असतं. काय झालं, किती वाजून किती मिनिटांनी झालं. ती मी आधीच वाचायला हवी होती. पहिल्या दिवशीच. पण तिच्यात माझी चूक सापडेल या भीतीने मी बाकी सगळं तपासत होते: कांडी बदलली, जागा बदलली, ऑफिसातल्या इंटरनेटवर संशय घेतला. आता वाचलं तर रोज तेच. दोन वाजून काही मिनिटांनी जोडणी तुटली. यंत्र बंद झालेलं नाही, नुसती जोडणी. मग तास-पाऊण तासाने यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झालं आणि जोडणी परत आली. म्हणजे आधी तुटायचं आणि नंतर काकांचा हात बटणावर जायचा. दर वेळी हाच क्रम होता. एक गुरुवार असा होता की जोडणी दुपारी तुटली ती संध्याकाळी मी जाऊन चालू करेपर्यंत तुटलेलीच. त्या गुरुवारी काका धायरीला लेकीकडे गेले होते, नातवाचा वाढदिवस होता. मला माहीत होतं, कारण आईने त्यांच्याबरोबर करंज्या दिल्या होत्या. कारणही मग अर्ध्या तासात सापडलं. बराच वेळ कोणी काही मागितलं नाही की वीज वाचवण्यासाठी ती वायरलेसची कांडी झोपायची, आणि झोपली की उठायची नाही. सकाळ-संध्याकाळ आणि रात्री कोणी ना कोणी जागा धरत असायचं, म्हणून ती फक्त दुपारीच झोपायची. ती झोप बंद करायची एक ओळ असते. ती मी घातली नव्हती. वाघमारे सर थट्टेत बोलले होते तेच खरं होतं.

तेव्हाच्या तेव्हा ती ओळ घालून मी खाली जायला हवं होतं. मी यंत्र तसंच ठेवलं. उद्या रविवारी वंदनेनंतर समितीची बैठक होती, त्यात हा विषय होता, आणि मला वाटलं की बैठकीच्या आधी काही केलं तर लोक विचारतील काय केलंस. बैठक होऊन जाऊ दे, नंतर गुपचूप दुरुस्त करू, आपोआप सगळे विसरतील. काकांना काय होणार आहे? फार तर वाघमारे सर चार शब्द टोचून बोलतील, आणि काकांना ते नीट ऐकूही येणार नाहीत. हे असं मी खरोखर मनात म्हटलं होतं.

बैठक खाली हॉलमध्ये, सतरंजीवर. पंधरा-वीस माणसं, मागे अभ्यासिकेतली काही मुलं, त्यांच्यात ती धानोरीची. बाबा पुढच्या ओळीत. काका भिंतीला टेकून, नेहमीसारखे सगळ्यांना पाणी देऊन झाल्यावर बसलेले. वाघमारे सरांनी विषय वाचला आणि आवाज चढवून विचारलं, "तायडे, आपण ते यंत्र रोज दुपारी बंद करता, हे खरं का?"

काका म्हणाले, "बंद पडते, सर. मग मी बंद करून चालू करतो."

मागे कोणीतरी हसलं. सर म्हणाले, "म्हणजे बंद करता."

"मितूनं सांगतलं तसं करतो," काका म्हणाले, आणि माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात काही विनंती नव्हती. जसं आपण रस्ता माहीत असलेल्या माणसाकडे बघतो, तसं.

सरांनी मला विचारलं, मी यांना रोज यंत्र बंद करायला सांगितलं होतं का. सगळा हॉल माझ्याकडे वळला. बाबाही वळले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तो स्टेजवरचा अभिमान अजून होता. मी म्हटलं, "रोज नाही सांगितलं, सर. अडकलं तर काय करायचं ते एकदा दाखवलं होतं."

यातला एकही शब्द खोटा नाही. हे वाक्य मी नंतर इतक्या वेळा तपासलं आहे की मला ते एखाद्या दुसऱ्या माणसाचं वाटायला लागलं आहे. काका माझ्याकडे आणखी थोडा वेळ बघत राहिले. त्यांना ऐकू आलं नसेल असं मी धरून चालले. मग बाबा उभे राहिले. मला वाटलं ते काकांची बाजू घेतील, आणि ते घेतील या विचाराने मी घाबरले. ते काकांजवळ जाऊन, त्यांना ऐकू जावं म्हणून वाकून, सगळ्यांसमोर म्हणाले, "दादा, वय झालं की होतं असं. मान्य करून टाका. पोरांचं नुकसान होतंय."

काकांनी कमरेची किल्ल्यांची जुडी सोडून सरांसमोर ठेवली. कोणी मागितली नव्हती. नव्या माणसाला द्यायचा ठराव होईपर्यंत थांबलेही नाहीत. फक्त कुठली किल्ली कुठल्या कुलपाची ते एकेक करून सांगितलं. जिन्याची ही. टाकीची ही. मागच्या संडासाची ही, पण दार थोडं वर उचलावं लागतं, नाहीतर कुलूप लागत नाही. सर प्रत्येक किल्लीला मान हलवत होते. मी तिथे सहा-सात पावलांवर बसले होते. खरं काय ते सांगायला मला सगळ्या किल्ल्या होईपर्यंतचा वेळ होता.

चार दिवसांत काकांनी मागची खोली रिकामी केली आणि ते धायरीला लेकीकडे राहायला गेले. एक ट्रंक, एक गादी, काकूंचा फोटो. विश्रांतवाडी ते धायरी म्हणजे पुण्याचं एक टोक ते दुसरं टोक. आमच्याकडे ते त्यानंतर आले नाहीत. आणि मी काय केलं, तर बैठकीच्या दुसऱ्याच दिवशी वर जाऊन ती एक ओळ घातली. त्या दिवसापासून जोडणी कधी तुटली नाही. हे मी दुरुस्त करत होते आणि ते करतानाच काकांवर कायमचा शिक्का मारत होते, एवढी साधी गोष्ट मला तेव्हा सुचली नाही. आठवडा गेला, पंधरा दिवस गेले. अभ्यासिकेतली मुलं म्हणायला लागली, बघा, म्हातारा गेल्यापासून एकदाही नाही. ती धानोरीची मुलगी मला जिन्यात भेटली, थँक्यू ताई म्हणाली आणि एक चॉकलेट दिलं. ते चॉकलेट मी दप्तरात ठेवलं आणि ते तिथेच वितळलं, वहीच्या पानांना चिकटलं. रविवारी आई पातोडी करेनाशी झाली. करून काय, तिघांना एवढा तिखट रस्सा सोसत नाही, म्हणाली. बाबा मध्ये एकदा काकांना फोन करून बघू म्हणाले. फोन काकांच्या लेकीने उचलला आणि काका झोपलेत म्हणून सांगितलं. सकाळचे दहा वाजले होते.

मग समितीचा वार्षिक अहवाल छापून आला. बाबा तो ऑफिसातून येताना घेऊन आले आणि चहाबरोबर मोठ्याने वाचू लागले. त्यात माझं नाव दोन ठिकाणी होतं. वाघमारे सरांनी लिहिलं होतं, व्यवस्थापनातील बदलानंतर यंत्रणेची जोडणी एकदाही खंडित झालेली नाही. एवढं वाचून झालं आणि वरून विमान गेलं. बाबा थांबले, बोट त्या ओळीवर, आणि माझ्याकडे बघून हसले. मी त्या आवाजातच सांगून टाकलं. त्यांना ऐकू आलं नाही. भुवया उंचावून ते विमान जायची वाट बघत राहिले, आणि मग मला शांततेत, आईचं मशीनही बंद असताना, तेच पुन्हा सांगावं लागलं. नोंद, गुरुवार, ती एक ओळ. आणि ओघात ते दोन विषयसुद्धा.

बाबा रागावले नाहीत. ते रागावतील म्हणूनच मी इतके दिवस गप्प होते, आणि आता त्यांनी रागावावं म्हणून बसून राहिले. ते अहवालाची घडी घालत होते, ती सरळ येत नव्हती, पुन्हा उलगडून घालत होते. शेवटी म्हणाले, "तू खोटं बोलली नाहीस. मी त्यांना जे बोललो, ते मी बोललो." आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, रविवारी दादा यायचे थांबले तेव्हापासून तुझं जेवण कमी झालं होतं, मी तेव्हाच विचारायला हवं होतं. त्या संध्याकाळी त्या घरातल्या तीन माणसांपैकी प्रत्येकाने थोडीथोडी चूक आपल्याकडे ओढून घेतली. त्यामुळे माझी कमी झाली नाही.

पुढच्या रविवारी बाबा आणि मी धायरीला गेलो. स्वारगेटला बस बदलली, सिंहगड रस्त्यावर तासभर अडकलो. बाबा खिडकीबाहेर बघत होते. काकांच्या लेकीचं, कविताताईचं, घर दुसऱ्या मजल्यावर होतं. कविताताईने दार उघडलं, आत या म्हणाली, पण दारातून बाजूला व्हायला जरा वेळ लावला. काका निळा सदरा घालून पायात बूट चढवत होते. जवळच्या एका सोसायटीत ते वॉचमन झाले होते, दुपारची पाळी. आम्हाला बघून त्यांनी बूट घालायचं थांबवलं नाही. मी त्यांच्यासमोर फरशीवर बसले आणि सांगायला सुरुवात केली. मी हळू बोलत होते आणि त्यांना ऐकू येत नव्हतं. त्यांनी कानाला हात लावला. मग मला सगळं मोठ्याने सांगावं लागलं, जवळजवळ ओरडून: मला आदल्या दिवशीच कळलं होतं, चूक माझी होती, तुम्ही काहीच केलं नव्हतं, मला माहीत होतं आणि मी गप्प बसले. आत कविताताईची भांड्यांची आवराआवर थांबली. समोरच्या दाराची कडी वाजली. मी सांगत राहिले.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आता चालते का नीट?"

मी मान हलवली.

"मग झालं," ते म्हणाले, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. बूट घातलेले, उठायच्या तयारीत, पण हात ठेवून थोडे थांबले. मी रडायला लागले आणि मला लाज वाटली की मला बरं वाटत होतं. तेवढ्यात बाबा पुढे झाले, हात जोडून, काहीतरी बोलायला. काकांनी माझ्या डोक्यावरचा हात काढला. नेहमीसारखा मोठा आवाज नव्हता त्यांचा. इतक्या हळू बोलताना मी त्यांना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

"वसंता, हे लेकरू आहे. याले भेव वाटलं. तुले काय झालतं? तू मले एकदा विचारलं असतं, दादा, असं केलं का म्हणून. बाहेर नेऊन विचारलं असतं तरी चाललं असतं. तू तर मान्यच कराले लावलं."

बाबा म्हणाले, "चुकलं, दादा."

"हो," काका म्हणाले. त्यांनी डबा घेतला, चहा घेऊन जा म्हणून आम्हाला खूण केली, आणि जिना उतरून कामाला गेले. कविताताईने चहा दिला. आम्ही तो प्यायलो. उठून जाणं त्याहून वाईट दिसलं असतं.

त्यानंतरच्या बैठकीत मी हॉलमध्ये उभी राहून सगळं सांगितलं. बाबांनी सांगितलं म्हणून नाही, पण ते शेजारी उभे होते म्हणून सांगता आलं हे खरं. मागे मुलं होती. धानोरीची मुलगी माझ्याकडे बघत होती आणि नंतर बघत नव्हती. वाघमारे सरांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, अहवालात दुरुस्ती छापू. वाचत कोणी नाही, पण छापू. त्यांनी ती खरंच छापली, आणि काकांनी परत यावं असं स्वतःच्या अक्षरात पत्रही लिहिलं. त्याला उत्तर आलं नाही. यंत्राचं काम मी दुसऱ्या एका मुलाला शिकवून सोडून दिलं. राहिलेले दोन विषय मी पुढच्या वेळी सोडवले, तो भाग सोपा होता.

या सगळ्याला तशी काही वर्षंच झाली आहेत, आणि मी काही म्हातारी नाही. वारज्याच्या आमच्या घरावरून विमानं जात नाहीत. वाक्यं पूर्ण करता येतात. माझ्या लेकीला काही तोडफोड केल्यावर "मी नाही केलं" म्हणायची सवय लागते आहे, आणि तिला रागावणं मला जमत नाही. मग मी नुसती तिच्याजवळ जाऊन बसते. बाबांजवळ मी ही गोष्ट पुन्हा कधी काढली नाही. एकदा त्यांनी आपणहून, टीव्हीकडे बघत, एवढंच म्हटलं की बैठकीच्या आदल्या रात्री दादा घरी आले असते तर मी विचारलं असतं. बाबा स्वतः त्यांच्याकडे का गेले नाहीत, हे मी विचारलं नाही. ते स्वतःशीच बोलत होते.

माझ्या लग्नाला काका आले. मी स्वतः धायरीला जाऊन बोलावलं होतं, येतील याची खात्री नव्हती. कविताताईचा हात धरून आले, पांढरा सदरा, खूप वाकलेले. स्टेजवर चढून त्यांनी माझ्या नवऱ्याला बघितलं, मला बघितलं, माझे दोन्ही हात हातात घेऊन जोरात, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं "जय भीम, मितू" म्हणाले. लोक हसले, मीही हसले. उभ्याने जेवायची सोय होती, पण वडीलधाऱ्यांसाठी मागे एक पंगत मांडली होती आणि बाबा स्वतः वाढत होते, लग्नाच्या नव्या कुर्त्याच्या बाह्या कोपरापर्यंत सरकवून. मला स्टेजवरून दिसत होतं. ते एकेका पानाशी वाकत होते, नको म्हणणाऱ्याला आणखी वाढत होते, आग्रह करायची त्यांना भारी हौस. काकांच्या पानाशी ते आले आणि वाकले. काकांनी वर बघितलं नाही. त्यांनी शांतपणे पानावर आडवा हात धरला. बाबा डाव हातात धरून तसेच थोडा वेळ वाकलेले राहिले, आणि मग आग्रह न करता पुढच्या पानाकडे गेले.